डॉक्टरचा कोट नेमका कुणाला वाचवत होता?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमधल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या ऑपरेशन थिएटरात खुंटीला एक काळा कोट टांगलेला असायचा. फ्रॉक कोट, गुडघ्यापर्यंत येणारा, जाड लोकरी कापडाचा, म्हणजे मुळात साहेब लोक चारचौघांत घालायचे तसलाच, पण जुना झाला, आता बाहेर घालण्यासारखा राहिला नाही म्हणून हॉस्पिटलात आणून ठेवलेला. ऑपरेशनची वेळ झाली की सर्जन आपला चांगला कोट काढून ठेवणार, हा जुना चढवणार, पाय कापून झाला की हा परत खुंटीला आणि चांगला कोट अंगात. धुण्याचा प्रश्नच नाही. वर्षानुवर्षांचं रक्त आणि पू त्या लोकरीत मुरून कापड ताठ झालेलं, वास तर विचारूच नका, आणि काजात मेण लावलेले दोरे लोंबत असायचे, रक्तवाहिनी बांधायची वेळ आली की त्यातलाच एक ओढून घ्यायचा.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज नावाचा सर्जन होता, व्हाइटचॅपलच्या लंडन हॉस्पिटलातला, पुढं १९०२ मधे सातव्या एडवर्ड राजाचं पोटाचं ऑपरेशन यानंच केलं. त्यानं उतारवयात आठवणी लिहिल्या त्यात हा कोट आहे. तो म्हणतो कोट जितका जास्त माखलेला तितका सर्जन कर्तबगार असं धरलं जायचं, मी पण सुरुवात असल्याच कोटात केली आणि मला त्याचा चांगला अभिमान वाटायचा. स्वच्छ राहणं म्हणजे उगाच नखरे, असं वातावरण होतं. वॉर्डात जखमा पुसायला एकच स्पंज, तोच सगळ्या पेशंटना.

आता हे वाचल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, किती अडाणी होते हे लोक, जंतूच माहीत नव्हते तर करणार काय बिचारे. शाळेत आपल्याला गोष्ट पण तशीच सांगतात, आधी अंधार होता मग जंतूंमुळं रोग होतात हे दाखवणारा पाश्चर आला, जखमेवर जंतुनाशक वापरणारा सर्जन लिस्टर आला, आणि उजेड पडला. मला ही गोष्ट पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायचंय, कारण ती पटवून घेतली की आजच्या हॉस्पिटलांबद्दल जे प्रश्न विचारायला हवेत ते आपण विचारतच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे माहीत नव्हतं हेच खरं नाही. जंतू माहीत नव्हते, पण कपड्यांतून आणि हातांतून मरण एका घरातून दुसऱ्या घरात जातं हे व्हिक्टोरिया गादीवर यायच्या चाळीसेक वर्षं आधी छापून आलं होतं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा अलेक्झांडर गॉर्डन, १७९५. त्याच्या शहरात बाळंतज्वराची साथ आली, त्यानं कुठल्या बाईचं बाळंतपण कुणी केलं याची यादीच केली आणि दाखवून दिलं की ताप हवेतून येत नाहीये, ठराविक सुइणी आणि ठराविक डॉक्टर जिथं जातात तिथंच जातोय. त्या ठराविक डॉक्टरांत तो स्वतः होता आणि त्यानं तेही लिहून टाकलं. उपाय पण सांगितला, पेशंटचे कपडे-अंथरूण जाळा नाहीतर नीट धुवून काढा, आणि डॉक्टर-सुइणींनी अंग धुवून आपले कपडे धुरी देऊनच परत घालावेत. झालं काय, शहरानं त्याला सळो की पळो करून सोडलं, तो नौदलात निघून गेला आणि १७९९ मधे वारला.

मग १८४३, बॉस्टन. ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरनं याच विषयावर निबंध वाचला आणि त्यात ठिकठिकाणची प्रकरणं गोळा करून मांडली. त्यातलं एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. एडिंबराचा डॉक्टर कॅम्पबेल, ऑक्टोबर १८२१. बाळंतज्वरानं गेलेल्या एका बाईच्या पोस्टमॉर्टेमला तो हजर होता, आणि ओटीपोटातले अवयव विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून त्यानं ते कोटाच्या खिशात घालून वर्गात नेले. खिशात. त्याच संध्याकाळी, तेच कपडे अंगावर असताना, तो एका बाईच्या बाळंतपणाला गेला, ती बाई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा लावून दुसरीचं बाळंतपण केलं, तीही गेली, पुढच्या काही आठवड्यांत आणखी बायका गेल्या. दोन वर्षांनी, जून १८२३ मधे, तशाच पोस्टमॉर्टेममधे त्यानं विद्यार्थ्यांना मदत केली, तिथं हात नीट धुवायची सोयच नव्हती, घरी येतो तर दोन ठिकाणहून बोलावणं, कपडे न बदलता गेला, दोघीही गेल्या. हे सगळं कुणा शत्रूनं त्याच्यावर लावलेलं बालंट नाही, त्यानं स्वतः सांगितलेलं आहे, आणि म्हणूनच त्या माणसाबद्दल मला राग कमी आणि आदर जास्त वाटतो, कारण बाकीच्यांनी असल्या गोष्टी पोटातच ठेवल्या असणार.

होम्सनं नियमही स्पष्ट घातला. बाळंतपणं करणाऱ्यानं बाळंतज्वराच्या पोस्टमॉर्टेममधे हात घालू नये, नुसतं हजर राहिला तरी स्वच्छ आंघोळ, अंगावरचा प्रत्येक कपडा बदलायचा, आणि निदान २४ तास जाऊ द्यायचे. यात काय कठीण होतं? ना मायक्रोस्कोप लागत होता ना कुठलं यंत्र. आणि यावर फिलाडेल्फियाचा नामवंत प्रोफेसर चार्ल्स मेग्ज काय म्हणाला, तर मला ज्याची नीट कल्पनाच करता येत नाही असल्या संसर्गापेक्षा हे मृत्यू मी योगायोगाला किंवा दैवाला लावीन. डॉक्टर म्हणजे जेंटलमन आणि जेंटलमनचे हात स्वच्छच असतात, हे प्रसिद्ध वाक्यही त्याच्याच नावावर आहे.

माझ्या मते खरी अडचण या जेंटलमनपणातच होती. कपडे बदला म्हणणं म्हणजे तुमच्यामुळं माणसं मेली म्हणणं, आणि ते ऐकून घ्यायची तयारी नव्हती. व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर सेमेलवाइसची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते म्हणून थोडक्यात सांगतो. १८४७ च्या मार्चमधे त्याचा मित्र कोलेट्श्का पोस्टमॉर्टेम करताना विद्यार्थ्याची सुरी लागून मेला आणि त्याच्या शवात तेच सापडलं जे बाळंतिणींच्या शवात सापडायचं. सेमेलवाइसनं ओळखलं की पोस्टमॉर्टेम रूममधून थेट लेबर रूममधे येणारे डॉक्टर आणि विद्यार्थीच हे आणतायत. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि एप्रिलमधे शंभरातल्या १८ बायका मरत होत्या त्या जूनमधे दोनच्या आसपास आल्या, जुलैमधे त्याहून कमी. तरीही मोठ्या मोठ्या प्रोफेसरांनी मानलं नाही. तो १३ ऑगस्ट १८६५ ला वेड्यांच्या इस्पितळात मेला, आणि त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमधे जोसेफ लिस्टरनं जेम्स ग्रीनलीज या ११ वर्षांच्या पोराच्या मोडलेल्या पायावर पहिल्यांदा कार्बोलिक या जंतुनाशकाची पट्टी यशस्वीपणे बांधली.

दुसरी गोष्ट पोस्टमॉर्टेममधल्या कपड्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी तीच आहे. प्रेत कापताना सुरी लागली तर माणूस जाऊ शकतो हे त्या काळच्या प्रत्येक डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं, दरवर्षी कुठला ना कुठला विद्यार्थी असा जायचा. म्हणून तिथं काळजी घेतली जायची. जुना कोट, त्यावर एप्रन, बाह्या वर किंवा बाह्यांवर वेगळे खोळ, शतकाच्या शेवटाकडं तर पोस्टमॉर्टेमच्या पुस्तकांत हातांना आधी चरबी किंवा व्हॅसलीन चोळा, कुठं कापलं असेल तर झाकून घ्या, अशा सूचना छापलेल्या. म्हणजे प्रेताकडून डॉक्टरकडं काहीतरी येतं हे कळत होतं, मान्य होतं, त्यासाठी कपडे आणि नियमही होते. मग डॉक्टरकडून जिवंत पेशंटकडं काही जातं हे मान्य करायला एवढी वर्षं का लागली? दोन्हीकडं जाणारी चीज एकच, रस्ता एकच, फक्त मरणारा माणूस वेगळा. मी याच्याकडं विज्ञानाचा प्रश्न म्हणून बघूच शकत नाही, कुणाच्या जिवाची किंमत किती धरली याचा हा प्रश्न आहे.

आणि मरणारा माणूस कोण होता ते बघा. त्या काळात इंग्लंडमधे पैसेवाला माणूस ऑपरेशनला हॉस्पिटलात जायचाच नाही, सर्जन त्याच्या घरी यायचा आणि जेवणाच्या टेबलावर काम उरकायचा. हॉस्पिटलं गरिबांसाठी, धर्मादाय. पुवानं ताठ झालेला तो कोट हॉस्पिटलच्याच खुंटीला असायचा, लॉर्डच्या दिवाणखान्यात तो घालून कुणी गेलं असतं असं मला नाही वाटत. क्लोरोफॉर्मची भूल रुळवणारा जेम्स सिम्प्सन, एडिंबराचा डॉक्टर, त्यानं १८६९ मधे पाय-हात कापल्याच्या केसेसचे आकडे गोळा केले. मोठ्या हॉस्पिटलांत २०८९ पैकी ८५५ मेले, म्हणजे शंभरात ४१. गावाकडच्या डॉक्टरांनी पेशंटच्या घरी, झोपडीत, जमेल तिथं केलेल्या २०९८ केसेसमधे २२६, म्हणजे शंभरात अकराच्या आत. या आकड्यांवर तेव्हाही भांडणं झाली, दोन्हीकडचे पेशंट सारखे नव्हते वगैरे, आणि त्यात तथ्य असेल. पण फरक एवढा मोठा आहे की नुसत्या वादानं तो पुसला जात नाही.

याच काळात स्पेन्सर वेल्स नावाचा सर्जन बायकांच्या पोटातल्या गाठी काढायचा आणि त्याचं ऑपरेशन बघायला यायचं असेल तर मी गेल्या सात दिवसांत पोस्टमॉर्टेम रूममधे गेलेलो नाही असं सांगावं लागायचं. म्हणजे ज्याला करायचं होतं त्यानं केलं. बाकीच्यांना सवय, मान आणि घाई आडवी आली. १८४६ च्या डिसेंबरमधे लंडनला रॉबर्ट लिस्टन या सर्जननं ईथरची भूल देऊन पाय कापून दाखवला, त्याआधी पेशंट शुद्धीवर असायचा म्हणून सर्जनची सगळी कर्तबगारी वेगात मोजायचे. ईथर-क्लोरोफॉर्म आल्यावर वेळ मिळाला, ऑपरेशनं वाढली, जास्त खोलवर हात जायला लागले, पण कोट तोच राहिला. दुखणं थांबलं म्हणून लोक जास्त संख्येनं टेबलावर यायला लागले आणि नंतर वॉर्डात सडून मरायला लागले.

लिस्टरबद्दल मला आदर आहे हे आधीच सांगतो. त्याच्या स्वतःच्या आकड्यांत आधी ३५ पैकी १६ मेले आणि नंतर ४० पैकी ६, हे फार मोठं काम आहे. पण कपड्यांच्या बाबतीत तोसुद्धा जुन्यातलाच होता. तो बऱ्याचदा कोट काढून बाह्या सरसावायचा, वेस्टकोटवर एक टॉवेल पिनेनं अडकवायचा, की झाली तयारी, नाहीतर जुन्या कोटातच उभा राहायचा आणि कॉलर वर करायचा. त्याचा सगळा भर औषधावर, जखमेत कार्बोलिक, हत्यारांवर कार्बोलिक, १८७१ पासून हवेत कार्बोलिकचा फवारा. त्याच वर्षी बालमोरलला खुद्द राणीच्या काखेतलं गळू त्यानं फवारा मारतच कापलं आणि फवारा राणीच्या तोंडावर गेला. म्हणजे हवा धुतली पण कोट धुतला नाही. इतकं दिसणाऱ्या माणसालाही आपल्या अंगावरचं दिसलं नाही, कारण कपडे हा त्या लोकांच्या लेखी उपचाराचा भागच नव्हता, तो त्यांच्या दर्जाचा भाग होता.

कापडाबद्दल थोडं बोलायला हवं. काळी लोकर. काळ्यावर रक्त दिसत नाही, सुकलं की नुसता डाग गडद होतो. लोकर उकळत्या पाण्यात घातली तर आटते, आकार जातो, म्हणजे मनात आलं असतं तरी तो कोट उकळून निर्जंतुक करता आला नसता. पांढरं सुती कापड आलं तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या, एक तर ते उकळता येतं, वाफेत घालता येतं, आणि दुसरं, त्यावरचा डाग लपत नाही, थेंबभर पडलं तरी सगळ्या थिएटराला दिसतं आणि बदलावंच लागतं. ही कामं जास्त जर्मनीत झाली, कीलचा नॉयबर, बर्लिनचा बर्गमान या सर्जननी वाफेनं निर्जंतुक करणं रुळवलं, १८९७ मधे ब्रेस्लाऊच्या मिकुलिचनं तोंडाला जाळीचा मास्क बांधला. थॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराची दोन मोठी चित्रं आहेत, दोन्ही फिलाडेल्फियाची. १८७५ च्या चित्रात डॉक्टर ग्रॉस आणि मदतनीस सगळे काळ्या कोटात, हाताला रक्त. १८८९ च्या चित्रात डॉक्टर अ‍ॅग्न्यू आणि त्यांची माणसं पांढऱ्यात, बाजूला टोपीवाली नर्स. मधे फक्त १४ वर्षं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ याच शहरात डॉक्टरी शिकल्या, बरोबर या बदलाच्या मधोमध, आणि त्यांना तर थंडीत नऊवारी कशी निभवायची इथपासून स्वतःच्या कपड्यांचा विचार करावा लागला होता.

रबरी ग्लोव्हजची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समधे १८८९-९० च्या सुमारास हॉल्स्टेड या सर्जननं गुडइयर या रबर कंपनीकडून ग्लोव्हज करून घेतले ते कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सचे हात औषधानं सोलवटत होते म्हणून. पेशंटचा विचार त्यात नव्हता. पेशंटना इन्फेक्शन कमी होतंय हे नंतर मोजल्यावर लक्षात आलं. इथंही आधी काळजी काम करणाऱ्याची, पेशंटचा फायदा ओघानं. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही, तिचे हात वाचायलाच हवे होते. मुद्दा एवढाच की कपडे कुणासाठी हे कुणीतरी मुद्दाम विचारल्याशिवाय पेशंटचा नंबर लागत नाही.

आता आपल्याकडं हे वाचून कुणीतरी लगेच म्हणणार, बघा, आपल्यात मसणातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत, आपलं सोवळं-ओवळं किती शास्त्रीय होतं. मला हा युक्तिवाद अजिबात मान्य नाही. आंघोळ चांगलीच, पण त्याच सोवळ्यानं बाळंतिणीला विटाळ धरून अंधाऱ्या खोलीत जुन्या चिंध्यांवर टाकलं, आणि प्रेताला हात लावायचं काम ठराविक जातींच्या गळ्यात घालून बाकीच्यांनी हात झटकले. तिथंही नियम वरच्या माणसाला वाचवायचे होते, खालच्याला आणि बाईला नाही. लंडनचा कोट आणि आपलं सोवळं दिसायला अगदी उलट, एकाला घाणीचा अभिमान आणि दुसऱ्याला शुद्धतेचा, पण दोन्हीत प्रश्न मानाचाच होता. आणि शवविच्छेदनाच्या खोलीत आजही आपल्याकडं सुरी बऱ्याचदा कुणाच्या हातात असते? डॉक्टर सांगतो आणि कापायचं, उचलायचं, धुवायचं काम तिथला कर्मचारी करतो. त्याच्या अंगावर जाड ग्लोव्हज, गमबूट, न भिजणारा एप्रन, मास्क असतो का, हे कुठल्याही छोट्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. दीडशे वर्षांपूर्वी प्रेतापासून निदान डॉक्टरला तरी वाचवायचे, इथं ज्याला वाचवायला हवं तो त्या यादीतच नाही.

पेशंटच्या बाजूनंही तेच. मोठ्या हॉस्पिटलच्या बाहेर टपरीवर सकाळी उभे राहा, ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, हिरवे-निळे कपडे घालून, गळ्यात मास्क लोंबकळत ठेवून चहा पिणारी तरुण पोरं-पोरी दिसतील. बाकड्यावर बसणार, गाडीला टेकणार आणि त्याच कपड्यात परत आत. मी त्यांना बोल लावत नाही. ३६-३६ तास ड्युटी करणाऱ्या रेसिडेंट, म्हणजे शिकत असलेल्या तरुण डॉक्टरला कपडे बदलायला धड खोली नसते, धुतलेला दुसरा जोड मिळत नाही, एप्रन होस्टेलच्या बादलीत स्वतः धुवायचा. कॅम्पबेलला हात धुवायची सोय नव्हती, हे आठवा. माणसाच्या चांगुलपणावर टाकलेला नियम दमलेल्या माणसाकडून पाळला जात नाही, तो सोयीनं पाळला जातो.

इंग्लंडनं २००७ मधे सरकारी हॉस्पिटलांसाठी नियम काढला, पेशंटजवळ जाताना कोपराखाली काही नको, लांब बाह्या नकोत, घड्याळ नको, म्हणजे लांब पांढरा कोट पण गेला. डॉक्टरांनी कुरकुर केली की पुरावा कुठाय, आणि खरं सांगायचं तर कोटामुळं अमुक इतकी इन्फेक्शन होतात असा थेट पक्का पुरावा तेव्हाही नव्हता, नियमासाठी केलेल्या अभ्यासातच ते मान्य केलं होतं. कोटावर, बाह्यांवर जंतू सापडतात हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय. पुरावा अपुरा आहे म्हणून काही करू नका हे मला पटत नाही, कारण इथं चूक निघाली तर नुकसान काय, तर बाह्या आखूड झाल्या. उलट बाजूनं चूक निघाली तर काय होतं ते गॉर्डनच्या यादीत लिहिलेलं आहे. मेग्जचा मुद्दा हाच तर होता, मला नीट कळत नाही तोवर मी बदलणार नाही.

आणि आपल्याकडं तर पांढऱ्या एप्रनचा परत मान झालाय. पहिल्या वर्षाच्या पोराला समारंभ करून घालतात, घरचे फोटो काढतात, बसमधून, ट्रेनमधून, कँटीनमधे तो हातावर टाकून फिरवतात. आनंद मी समजू शकतो, गावातलं पहिलं डॉक्टर होणारं पोर असेल तर त्या फोटोची किंमत मला कळते. पण मग तो एप्रन फोटोपुरता ठेवा आणि वॉर्डात हॉस्पिटलनं धुतलेले, आखूड बाह्यांचे, रोज बदलायचे कपडे द्या. धुलाईचा खर्च हॉस्पिटलच्या बजेटमधे औषधांच्या बरोबरीनं धरा, ओटीचे कपडे ओटीच्या दाराबाहेर जाणार नाहीत अशी बदलायची खोली दाराशीच बांधा, आणि शवागारातल्या कर्मचाऱ्याचा एप्रन, बूट, ग्लोव्हज डॉक्टरच्या आधी मंजूर करा, कारण त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ तोच उभा असतो. हॉस्पिटलला मान्यता देताना बेड मोजतात, मशिनी मोजतात, तिथंच कपडे धुवायची सोयही मोजावी, आणि ती नसेल तर मान्यता अडवावी.